चौकोनाबाहेरची फुली

रेवाच्या जॅकेटच्या खिशातून आज पुन्हा चेस्टनट निघाले. मशीन लावण्याआधी मी खिसे तपासते, तरी दोन सुटलेच आणि ड्रमवर टकटक आपटत राहिले. मशीन मध्येच उघडता येत नाही. मग बाथरूमच्या दारात उभी राहून तो आवाज ऐकत राहिले. ऑक्टोबर आला.

जर्मनीत, आमच्या बॉबलिंगेनला, ऑक्टोबर असा खिशातून येतो. शाळेच्या वाटेवर चेस्टनटची सहा झाडं आहेत. हिरवी काटेरी बोंडं फुटतात आणि आतून तपकिरी, तेल लावल्यासारखी चकचकीत फळं रस्त्यावर पडतात. खायची नव्हेत ती. खरं तर कशाच्याच उपयोगाची नव्हेत. तरी इथलं प्रत्येक लेकरू ती गोळा करतं, शिवण उसवेपर्यंत खिसे भरतं. आल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्याआधी मी माझ्या लेकीला, रेवाला, ओरडले होते, दुसऱ्यांची झाडं आहेत, उचलू नकोस. एक म्हातारी सायकल थांबवून मला म्हणाली, "अहो, ती सगळ्यांची असतात." मी तिला दोनदा डांके म्हटलं. एकदा पुरलं असतं.

मी आभार जरा जास्तच मानते. संदीप, माझा नवरा, चिडवतो की तू बसचं दार उघडलं तरी दाराचे आभार मानतेस. तो इथे गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. मी नववीतून शाळा सोडलेली. इथे भाषेच्या वर्गात नाव घातलं तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी माझं शिक्षण विचारलं नाही, फक्त पेन आहे का विचारलं. तेव्हापासून ही सवय लागली असावी. आता मी एका शाळेच्या मेन्सामध्ये, म्हणजे मुलांच्या जेवणघरात, दुपारी वाढायला जाते. मुलं ताट पुढे करतात, मी बटाटे घालते. माझा हात कोणाचा, हे तिथे कुणाच्या डोक्यात येत नाही. माझ्या मात्र कधीकधी येतं.

जर्मन लोक फारसं विचारत नाहीत. विचारतात ती आपली माणसं. रेवाच्या वर्गात ईरा नावाची पुण्याची मुलगी आहे. तिची आई मुग्धा पहिल्याच भेटीत इतक्या मायेने बोलली की मला भरून आलं. थंडीचे बूट कुठे घ्यायचे, डॉक्टर कोणता बरा, सगळं तिने सांगितलं. आणि मग सहज, वेणी घालता घालता विचारावं तसं विचारलं, "तुमच्याकडे गौरी कशा गं? उभ्याच्या की खड्याच्या?"

आमच्याकडे गौरी नसतात. आम्ही बौद्ध आहोत. हे तीन शब्दांचं वाक्य म्हणायला मला काय झालं होतं? मी म्हणाले, "सासूबाई करतात सगळं, मला फारसं माहीत नाही." माझ्या सासूबाईंनी हे ऐकलं असतं तर लाटणंच काढलं असतं. आडनाव आमचं दोन्हीकडे चालून जाणारं आहे. मी त्याच्या आड उभी राहिले, आणि पुढची तीन वर्षं तिथेच उभी होते. आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा फोन आला आणि मुग्धा शेजारी असली, की मी "जय भीम" इतक्या हळू म्हणायचे की आबा तिकडून ओरडायचे, "आवाज येईना गं! रेंज नाही का जर्मनीत?"

तर गेल्या वर्षीचा ऑक्टोबर. रेवा तिसरीत होती. वर्गात विषय निघाला, शाळा, पूर्वीची आणि आताची. बाईंनी प्रत्येकाला एक छापील कागद दिला. घरातल्या आजी-आजोबांना प्रश्न विचारायचे, उत्तरं लिहायची, आणि त्यावरून एक मोठा तक्ता करायचा. शरद ऋतूची सुट्टी लागायच्या आधी शाळेच्या कॉरिडॉरमध्ये सगळे तक्ते लावणार, आईबाबांनी बघायला यायचं.

शनिवारी सकाळी, त्यांच्या दुपारी, जालन्याला फोन लावला. आबा पाटबंधारे खात्यात कारकून होते, आता निवृत्त. ते इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून बसलेले. मुलाखत म्हटल्यावर त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा सरळ केलं होतं. रेवाला मराठी कळतं, पण तिच्या तोंडून उत्तर जर्मनमध्येच येतं. त्यामुळे मी मध्ये. ती विचारणार, मी आबांना सांगणार, आबा सांगणार, मी तिला सांगणार.

"आबांना विचार, शाळेत कशावर बसायचे?"

"घरनं पोतं न्यायचो. ज्याचं त्याचं पोतं."

मी सांगितलं. रेवाने लिहिलं: प्रत्येकाची स्वतःची बैठक.

"वर्ग कुठे भरायचा?"

"आमचा? बाहेर. लिंबाच्या झाडाखाली. हिवाळ्यात लई मजा, आम्हाला ऊन, आतले कुडकुडायचे."

मी म्हणाले, बाहेर, झाडाखाली. कुडकुडणाऱ्यांना मी वगळलं.

"शिक्षा करायचे का?"

आबा हसले. "मास्तरांनी आम्हाला हातात छडी घेऊन कधी मारलं नाही."

"पाणी कुठून प्यायचात?"

"आम्ही कुठं घेणार? कुणीतरी वाढायचं ओंजळीत."

रेवाचे डोळे मोठे होत चालले होते. इथे काही शाळा मुलांना आठवड्यातून एक दिवस जंगलात नेतात, त्याला मोठी प्रतिष्ठा आहे. आईबाप त्यासाठी धडपडतात. आणि हिच्या आबांची शाळा रोज झाडाखाली, छडीशिवाय, वर पाणीसुद्धा हातात आणून देणार! त्या कागदावर आबांची शाळा जगातली सगळ्यात सुंदर शाळा झाली. त्यात एक शब्द खोटा नव्हता. मी फक्त प्रत्येक वाक्य योग्य त्या जागी थांबवत होते. नववी नापासही न झालेल्या बाईला हे इतकं सफाईने कसं जमलं, याचं मला नंतर आश्चर्य वाटलं. भाषांतर ही भलतीच सोयीची गोष्ट आहे.

शेवटचा प्रश्न मात्र चित्राचा होता. कागदावर एक रिकामा चौकोन छापलेला. हा वर्ग. फळा कुठे, दार कुठे, बाईंची खुर्ची कुठे ते काढा, आणि आजोबा बसायचे तिथे फुली मारा.

रेवाने कागद स्क्रीनला चिकटवला. आबा चष्मा वर करून बघत राहिले. "फळा समोरच्या भिंतीला. दार इकडे. आता फुली…" त्यांचं बोट हवेत फिरत राहिलं. "ह्या चौकोनाच्या बाहेर काढ म्हणावं. हां, अजून बाहेर. अजून. बस."

रेवाने बाहेर फुली मारली, भोवती झाड काढलं, झाडात दोन पक्षी. मग पेन्सिल चावत तिने तो रिकामा चौकोन पाहिला आणि मला विचारलं, "मामा," म्हणजे जर्मनमध्ये आई, "मग आत कोण आहे?"

मी म्हणाले, रेंज गेली बहुतेक.

त्या आठवड्यात मी मेन्सामध्ये दोनदा सूप सांडलं. संध्याकाळी रेवा तक्ता रंगवत बसायची, पिवळं ऊन, हिरवं झाड. संदीप कामावरून आला की वाकून बघायचा. त्याच्या वडिलांची शाळा काही वेगळी नव्हती. एकदा मीच म्हणाले, "राहू दे ना असंच? पोरीला किती आनंद झालाय." तो म्हणाला, "तिला झालाय ते ठीक आहे. तुला कशाचं वाटतंय ते बघ."

मला कशाचं वाटत होतं? तक्ता कॉरिडॉरमध्ये लागणार होता. मुग्धा तो वाचणार होती. मुग्धाला जर्मन माझ्यापेक्षा चांगलं येतं. जंगलातली शाळा वाचून ती "किती गोड!" म्हणणार होती, आणि मी खरं लिहिलं तर ती काय म्हणेल, ते मला माहीत नव्हतं. बूट, डॉक्टर, वाढदिवसाला हातात हात घेणं, ह्यातलं काय राहील आणि काय जाईल, हे मी रोज रात्रीच्या भाजीबरोबर चिरत बसायचे. शाळेत शिकताना माझ्या वर्गात सर सवलतीचे फॉर्म वाटायचे. म्हणायचे, "सवलतवाले उभे राहा." बस, इतकंच. कुणी मारलं नाही, कुणी बाहेर बसवलं नाही. मी मधल्या ओळीत तिसऱ्या बाकावर बसायचे. पण ते उभं राहणं आलं की माझ्या पोटात दुखायचं. नववीत पोटदुखी वाढत गेली आणि मी जायचंच थांबले. आबांना मी डोकं चालत नाही म्हणून सांगितलं. त्यांनी काही विचारलं नाही. एक महिना ते माझी वह्या-पुस्तकं झटकून पुन्हा जागेवर ठेवत होते.

पुढच्या शनिवारी रेवाने तक्ता पूर्ण करून आबांसमोर धरला आणि सगळा वाचून दाखवला, जर्मनमध्ये, छान ठसक्यात. आबा मान डोलावत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "सुरेख. आता मला मराठीत सांग, पोरीनं काय लिहिलंय."

तेव्हा वाक्यं मध्येच थांबवता येईनात. मी सांगितलं. झाडाखालची मोकळी शाळा, छडी नाही, पाणी वाढायला माणसं, ज्याची त्याची बैठक. आणि शेवटी रेवाने स्वतःच्या मनाने एक वाक्य घातलं होतं: बहुतेक जे मस्ती करायचे त्यांना शिक्षा म्हणून आत बसवत असावेत.

आबांना हसू फुटलं, इतकं की खोकला आला, आईने आतून पाणी आणून दिलं. "आतल्यांना शिक्षा!" ते डोळे पुसत म्हणाले. "अगं, हे त्या पाटलाच्या पोराला सांगायला पायजे." मग ते थांबले. "तू सांगितलं नाहीस तिला?"

"नाही."

"कामून?"

"आबा, इथे आपली माणसं आहेत."

"आपली म्हणजे?"

"मराठी."

"हां," आबा म्हणाले. "बरं. मी सांगतो पोरीला. तू नुसती बस. मध्ये पडू नकोस."

आणि त्यांनी सांगितलं. सावकाश, सोपं मराठी, कार्यालयात अडाणी माणसाला अर्ज समजावून सांगायचे तसं. आतली मुलं गावातली. बाहेरचे आम्ही चौघं, वस्तीवरचे. आम्हाला शिवायचं नाही असं गाव मानायचं, म्हणून आत घ्यायचं नाही, म्हणून आमच्या हातानं पाणी घ्यायचं नाही, वरनं वाढायचं. छडीसुद्धा लागायला नको, म्हणून मास्तर ढेकूळ फेकून मारायचे. "नेम लई चांगला होता त्यांचा," आबा म्हणाले. "क्रिकेटात गेले असते."

मी रेवाकडे बघत होते. ती रडेल असं मला वाटलं होतं. तिच्या चेहऱ्यावर गणित न सुटल्यावर येते ती आठी होती. आणि मग ती बोलली, मराठीत. मोडकं, खडबडीत, पण मराठीत. मला बाजूला ठेवून.

"कोण बोलला, तुम्ही बाहेर?"

"कोणीच नाही बोललं, बाळ."

"पाटी होता?"

"पाटी नव्हती. उलट कायदा होता, की असं करायचं नाही म्हणून. मी शाळेत जायच्या आधीच झाला होता."

"मग? मग का तुम्ही आत नाही गेला?"

हा प्रश्न मी चाळीस वर्षांची होत आले तरी त्यांना विचारला नव्हता. त्यांना लागेल म्हणून. आबांना लागलं नाही. ते पुढे सरकून बसले, कुणीतरी अखेर कामाचं विचारल्यासारखे.

"गेलो होतो ना! साहेब यायचे तपासणीला, वर्षातनं एकदा. त्या दिवशी सकाळीच मास्तर म्हणायचे, चला रे, आत बसा. साहेबाला दाखवायला. आम्हाला मध्ये मध्ये पेरायचे, बाजूला गावातली पोरं, ती अंग चोरून बसलेली. साहेब शेरा मारून गेले, बैलगाडी वेशीच्या बाहेर पडली, की आम्ही बाहेर. मग जमीन सारवून घ्यायचे."

"आत कसा होता?"

"आत?" आबांनी विचार केला. "आत अंधार. आणि फळा मोठा होता. बाहेरनं आम्हाला मास्तरांच्या टेबलामुळं फळ्याचा खालचा भाग दिसायचा नाही. गणित दिसायचं, उत्तर दिसायचं नाही. मला वाटायचं, फळ्यावर उत्तर लिहीतच नसतात, ते ज्याचं त्यानं काढायचं असतं. त्या दिवशी आत बसलो तर खाली उत्तर लिहिलेलं! मी म्हटलं, ह्या आतल्या पोरांना काहीच काम नाही की."

रेवा खळखळून हसली. आबाही. आणि मी, मध्ये न पडता, त्या दोघांच्या बाजूला बसून ऐकत होते. साहेबाचा दिवस मला माहीत नव्हता. फळ्याचा खालचा भाग माहीत नव्हता. माझ्या वडिलांच्या पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या एका सकाळची बातमी मला बॉबलिंगेनमध्ये, माझ्या लेकीच्या मोडक्या मराठीतून मिळत होती. भीती तशीच होती, पण तिच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं होतं. अजून काय काय असेल? त्या चौघांतले बाकीचे तिघं कुठे गेले? सारवणारी बाई कोण होती? सारवताना तिला काय वाटत असेल?

"मामा," फोन ठेवल्यावर रेवा जर्मनमध्ये म्हणाली, "तू कुठे बसायचीस?"

"आत. तिसऱ्या बाकावर."

"मग?"

"मग उठले."

तिने नवा कागद घेतला. तक्ता पुन्हा पहिल्यापासून. यावेळी वाक्यं मीच तिच्याबरोबर बसून लावली, शब्दकोश उघडून, एकेक. चौकोनाबाहेर चार फुल्या, आणि आत तुटक रेषेची एक फुली, खाली लिहिलं: वर्षातून एक दिवस.

कॉरिडॉरमध्ये दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी तक्ते अडकवले होते. कॉफीचा वास, ओल्या जॅकेटांचा वास, खिडकीत मुलांनी रचलेले चेस्टनट. कुणाच्या आजीच्या शाळेत मुलींना शिवण आणि मुलांना सुतारकाम होतं, कुणाच्या आजोबांचा, डावखुरे म्हणून, डावा हात बांधून ठेवला होता. मी रेवाच्या तक्त्याजवळ उभी होते, शंकरपाळ्यांचा डबा पोटाशी धरून. रेवाच्या बाई आल्या, पूर्ण वाचलं, आणि फळ्याच्या खालच्या भागाबद्दल रेवाला दोन प्रश्न विचारले. बिचाऱ्या वगैरे काही म्हणाल्या नाहीत. मला वाटलं, किती बरं. मी आभार मानले.

मग मुग्धा आली. तिने वाचायला सुरुवात केली आणि मी तिचा चेहरा सोडून तिच्या मफलरकडे बघत राहिले. जांभळा मफलर, एका टोकाचे गोंडे सुटलेले. ती शेवटपर्यंत गेली, पुन्हा वर आली, पुन्हा खाली.

"हे… तुझे बाबा?"

"हो. माझे वडील."

"तू कधी बोलली नाहीस."

"नाही."

"अगं, मला काही फरक…" ती म्हणाली आणि थांबली. ते वाक्य तिने पूर्ण केलं नाही, याबद्दल मी आजही तिच्याकडे चांगल्या नजरेने बघते. मग म्हणाली, "आमच्या गावात असलं काही नव्हतं. निदान बाबांनी कधी सांगितलं नाही."

माझ्या आधी ईरा बोलली. ती रेवाच्या शेजारी उभी राहून चौकोनावर बोट फिरवत होती. आईकडे न बघता तिने जर्मनमध्ये विचारलं, "माझे आजोबा कुठे बसायचे?"

"आत," मुग्धा म्हणाली. लगेच. इतकं लगेच की तिलाच ते ऐकू आलं असावं.

"मग त्यांना दारातून बाहेरची मुलं दिसायची का?"

मुग्धाने माझ्याकडे पाहिलं. जणू उत्तर माझ्याकडे असावं. "माहीत नाही," ती म्हणाली. पर्समधून फोन काढला. "आत्ता लावू? जागे असतील ते." हे ती मला विचारत होती.

"लाव," मी म्हणाले. "पण इथे नको. घरी जाऊन, एकटी बोल."

त्यानंतर दोन आठवडे ती भेटली नाही. माझे सगळे अर्थ काढून झाले. बूट आणि डॉक्टर आता मला माझे शोधावे लागणार, इथपर्यंत मी येऊन पोचले. मग एका दुपारी ती मेन्साच्या मागच्या दाराशी उभी. माझा एप्रन अजून अंगावर. ती उभ्याउभ्याच म्हणाली, "दिसायचे. बाबा म्हणाले, तीन जण होते. सखाराम आणि भिवा. तिसरी मुलगी होती, पाढे मोठ्याने म्हणायची, आतल्यांना ऐकून ऐकून पाठ व्हायचे. तिचं नाव आठवेना त्यांना. मी विचारलं, बाबा, कधी बोलला का नाहीत? तर म्हणाले, कुणी विचारलं नाही." मग ती जरा रागाने म्हणाली, "हे काय उत्तर झालं?" तो राग कोणावर होता ते मी विचारलं नाही. मी तिला आत बोलावलं, उरलेलं सूप दिलं.

आमची मैत्री पूर्वीसारखी नाही. थोडी कमी गोड आहे, आणि तिच्यासमोर आता माझा आवाज नीट निघतो. गौरींच्या दिवसांत ती डबा आणते, मी खाते. मी एप्रिलमध्ये चौदा तारखेला खीर दिली, कशानिमित्त ते सांगून. ती खाली मान घालून खात होती, ईरा आणि रेवा मात्र दुसरी वाटी मागत होत्या. कधी मला वाटतं ती फार जपून बोलते, कधी वाटतं मीच फार लक्ष ठेवून ऐकते. आबा तिकडून विचारतात, "तुझी पुण्याची मैत्रीण काय म्हणते? तिच्या बापाला आठवलं का त्या पोरीचं नाव?" वर्षभर दर शनिवारी हेच. त्यांनी त्या पोरीला पाहिलेलं नाही, गाव वेगळं, जिल्हा वेगळा. तरी त्यांना हवं आहे.

आज कपडे वाळत घालताना ड्रमच्या तळाशी ते दोन चेस्टनट सापडले, स्वच्छ धुतलेले, अजून चकचकीत. ते हातात होते तेव्हाच फोन वाजला. मुग्धाचा मेसेज. एकच शब्द होता.

यशोदा.

मी तिथेच, ओल्या चादरीच्या कडेला बसले. डांके लिहायला बोट पुढे गेलं होतं, सवयीने. ते मागे घेतलं. मग लिहिलं, "ती पुढे शिकली का, विचार."